हिरवळीवरचं गाऱ्हाणं

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली, असं म्हटलं तर माझे जुने सहकारी हसतील. त्यांनी ती माझ्याच तोंडून कितीतरी वेळा ऐकली आहे. मुलुंडच्या एका बागेत आम्ही निवृत्त लोक सकाळी जमतो. तिथे कोणी नवा आला की फर्माईश ठरलेली, "ती गोल्फ क्लबाची सांग रे!" आणि मी सांगतो. माझा एक मित्र मुंबईच्या वेशीवरच्या एका बड्या क्लबात माझ्याबरोबर पाहुणा म्हणून आला, मी परोपरीने बजावूनसुद्धा नारळ घेऊन आला, आणि तिथल्या मखमली हिरवळीवर बूट काढून, एका दगडापुढे उभा राहून मालवणीत गाऱ्हाणं घालायला लागला. मी नक्कल बरी करतो. लोक ठसका लागेपर्यंत हसतात.

त्या सांगण्यात एक जागा खोटी आहे. हसण्याच्या भरात ती कोणाच्या लक्षात येत नाही. ती दुरुस्त करायला म्हणून आज बसलो, आणि बसल्यापासून उठतोच आहे. गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंदच होता. बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं, मग आठवलं की सकाळीच घातलं होतं.

तर आधी तो माणूस सांगतो. माणूस सांगणं सोपं आहे.

आम्ही दोघं भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तो कुडाळकडचा, मी मालवणच्या अलीकडचा. नावाने आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही. तो मला 'गाववाल्या' म्हणायचा, मी त्याला. फरक एवढाच की तो मालवणी बोलायचा आणि मी ती सोडली होती. माझे वडील गिरणीत होते, घरात मालवणीच होती. पण शाळेत माझ्या बोलण्याला मुलं हसली आणि तेव्हापासून मी जी पुस्तकी मराठी धरली ती धरलीच. त्याने बोली कोणासाठी बदलली नाही. मद्रासकडचे मोठे साहेब, ट्रकवाला सरदारजी, फोनवर क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी, सगळ्यांशी तो मालवणीतच बोलायचा. आणि त्यांना ती कळायचीसुद्धा. क्रेडिट कार्डवाली एकदा त्याच्याशी इतका वेळ बोलत राहिली की शेवटी तिनेच त्याला कार्ड घेऊ नका म्हणून सांगितलं.

त्याचं खरं वेड वेगळंच होतं. कुठल्याही नव्या जागी गेला की तो लगेच बसत नसे. आधी त्या जागेभोवती एक फेरी मारून यायचा. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, कोणाचा नवा फ्लॅट असो. यजमान "बसा ना, बसा" म्हणत राहायचे आणि हा काखेत छत्री मारून बाहेर. "शीव बघून येतंय" म्हणायचा. शीव म्हणजे हद्द. परत आला की एखादं झाड, विहीर, जुनी पायरी असं काहीतरी त्याला सापडलेलं असायचं. त्याला तो हात जोडून आलेला असायचा.

"सातबाऱ्यावरचो मालक येगळो, जाग्याचो मालक येगळो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार मानतात. घर बांधा, विहीर खणा, नाहीतर नुसते पाहुणे म्हणून जा, त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने मोठ्याने त्याला साकडं घालायचं, ते गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'रे महाराजा' म्हणतो आणि बाकीचे एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. गावाकडे हे देवळात चालतं. हा ते भांडुपच्या स्टोअरमध्ये चालवायचा.

आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याने त्याच्यापुढे नारळ ठेवला. "बा देवा महाराजा, ह्या पेटयेत जो कोण बसलो आसात, तेणा आमचो हिशोब खावचो नाय, लाइट गेली तरी याद ठेवूची, आणि आमच्यातल्या कोणाची नोकरी काढूक ही पेटी इली आसात, तर तिका मोडून टाक रे महाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय महाराजा!" मागे मद्रासकडचे साहेब उभे होते. त्यांनीही हात जोडून "व्हय महाराजा" म्हटलं. नंतर त्यांनी अर्थ विचारला. आम्ही शेवटचं वाक्य गाळून सांगितलं.

"तुझा खरंच विश्वास आहे का रे यावर?" मी एकदा विचारलं होतं.

"देव आसा की नाय, ता माका ठावक नाय," तो म्हणाला. "पण दुसऱ्याच्या दारात शिरताना इचारूक नको?"

गवतावर तो चपला घालून चालत नसे. कारखान्यापुढे साहेबांनी लॉन केलं होतं. सगळे त्यावरून गेटाकडे जायचे, हा चपला हातात घेऊन. "जिता आसा मेल्या ता," म्हणायचा, म्हणजे गवत जिवंत आहे. माझी मुलगी लहानपणी त्याच्याबरोबर बागेत गेली की तीही सँडल काढायची आणि घरी चिखलाचे पाय घेऊन यायची. त्याला मूल नव्हतं. माझ्या मुलीला तो 'चेडू' म्हणायचा, म्हणजे मुलगी. तिला घरात आम्हीही चेडू म्हणायला लागलो होतो.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात झालं. मी स्ट्रेचरवर, घाबरलेला, बायको फॉर्मवर सह्या करतेय, आणि हा गायब. मला राग आला. आत नेणार एवढ्यात धापा टाकत आला, माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मागल्या बाजूक पिंपळ आसा. जुनो आसा. मी सांगून इलंय तेका. जा तू." मी हसलो आणि हसतच आत गेलो. भुलेचं इंजेक्शन त्यानंतर दिलं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टोअरला नवा वजनकाटा आला होता. त्या दिवशी युनियनची सभा होती, सगळे तिकडे. मी परत आलो तर हा काट्यापुढे नारळ ठेवून नुसता उभा. मला वाटलं, गाऱ्हाणं झालं असेल.

"उरकलंस ना?"

"खंय? तुझी वाट बघतंय. व्हय म्हणूक कोण नाय."

"मग तूच म्हणायचं."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला स्वतःच्याच खिशात हात घालून चोरी कर म्हणालो. "गाराण्याक दुसऱ्याचो होकार लागता, गाववाल्या. आपणच इचारायचा आणि आपणच व्हय म्हणायचा, तेका गाराणा नाय म्हणत. तेका कुरकुर म्हणतत."

मग त्याने गाऱ्हाणं घातलं आणि मी एकट्याने 'व्हय महाराजा' म्हटलं. रिकाम्या स्टोअरमध्ये माझा आवाज घुमला. कोणी नसताना मला ते म्हणायला आवडलं, हे कबूल करतो.

आता क्लबाकडे यायला हवं.

आम्ही दोघं निवृत्त झालो होतो. मुलगी अंधेरीला एका कंपनीत नोकरी करत होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला होता, अजूनही आहे. त्याचे वडील एका मोठ्या कंपनीतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मराठीच, पण अंधेरीच्या बावीस मजली इमारतीतले मराठी. त्यांचा फोन आला. "बायका भेटतील नंतर. आपण आधी निवांत भेटू. रविवारी क्लबवर या. मी थोडं खेळेन, तुम्ही फिरा, मग जेवू. कोणी मित्र असेल तर त्यालाही आणा, कंपनी होईल. फक्त एक सांगतो हं, कॉलरचा शर्ट, बूट, आणि जीन्स नको. नियम आहे तिथला."

फोन ठेवला आणि मी कपाट उघडून कॉलरचे शर्ट मोजले. खोटं नाही सांगत. पुढचे काही दिवस मला धड जेवण गेलं नाही. हे स्थळ मोडलं तर मुलगी मला काय म्हणेल, हे एक. आणि दुसरं, जे मी बायकोलाही बोललो नाही, की या माणसापुढे मी किती लहान दिसेन. बायकोने माझी अवस्था बघितली आणि म्हणाली, "भावोजींना घेऊन जा बरोबर. ते असले की तुम्ही जरा माणसात असता."

मी संध्याकाळी नाहूरला त्याच्या घरी गेलो. स्टेशनापासून जवळच त्याची जुनी बिल्डिंग, तळमजला. तो दारातच केरसुणीसाठी नारळाच्या झावळीचे हीर सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माका थंय कित्याक नेतंस? माका शोभायचा नाय ता."

"चल रे. मला एकट्याला धडधडतं."

"कॉलर होयी म्हणतंस? कुत्र्याक घालतत ती?"

"मस्करी नको. चेडूच्या लग्नाचं आहे."

चेडू म्हटल्यावर त्याने हातातले हीर खाली ठेवले. वहिनीने, त्याच्या बायकोने, आतूनच सांगितलं, "त्यांच्याकडे युनियनचं ते निळं टी-शर्ट आहे, कॉलरवालं. इस्त्री करून ठेवते."

आणि आता ती खोटी जागा.

दारातून निघताना मी मागे वळलो आणि त्याला म्हणालो, "तिथे एक गाऱ्हाणं घालशील? चेडूसाठी. सगळं नीट पार पडू दे म्हणून. नारळ मी आणतो."

तो आनंदला. मी ते स्वतःहून मागितलं, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. मी मुलुंडच्या बाजारातून नारळ घेतला, कानाशी हलवून पाणी आहे का बघितलं, आणि माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळून ठेवला. बायकोलाही दाखवला नाही. लाज वाटली.

नारळ माझा होता. बागेत मी जे सांगतो, त्यात तो नारळ त्याचा असतो.

व्याही गाडी घेऊन आले. तेव्हा अजून व्याही झालेले नव्हते, पण दुसरं काय म्हणू. गोरे, सडसडीत, पांढरी टोपी. त्याचा निळा टी-शर्ट बघून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. छातीवर लाल अक्षरांत 'कामगार एकजुटीचा विजय असो' होतं. पण त्यांनी हसून गाडीचं दार उघडलं. मला मात्र वाटेत त्या अक्षरांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

क्लब डोंगराच्या पायथ्याशी होता. गेटावर आमची नावं घेतली, आणि आत शिरल्यावर एकदम आवाज थांबले. मुंबईत इतका वेळ हॉर्न ऐकू आला नाही, तर कान दुखायला लागतात. जिकडे बघावं तिकडे हिरवं, चढउताराचं, गालिच्यासारखं कापलेलं गवत. लांबवर छोटे झेंडे. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांतून माणसं हळूहळू फिरत होती. मला कुठे बघावं कळेना. मी सारखा शर्ट खोचत होतो.

तो मात्र पाच मिनिटांत घरचा झाला. वाळूचा एक खड्डा दिसला, तर व्याह्यांना विचारतो, "हय काम चालू आसा?"

"नाही, तो बंकर. बॉल त्यात गेला की बाहेर काढायला त्रास होतो."

"मगे बुजवत कित्याक नाय?"

"मुद्दाम ठेवतात तो."

"म्हणजे ह्या लोकांका घराकडे कसलो त्रास नाय," तो म्हणाला, "म्हणून हय येवन करून घेतत."

व्याही मोठ्याने हसले. मनापासून. मग ते त्याला काठ्या दाखवायला लागले, कुठली कशासाठी ते सांगायला लागले. बॅटरीच्या गाडीत ते दोघं पुढे आणि मी मागे. तो विचारत होता, ते सांगत होते. मी काही म्हणायला तोंड उघडलं की त्यांचं तिसरंच काहीतरी सुरू झालेलं असायचं. मुलीचा बाप मी होतो. हेही आज सांगून टाकतो: मला त्याचा तेव्हा मत्सर वाटला.

हिरवळीवर उतरल्या उतरल्या त्याने बूट काढले.

"अहो, बूट राहू द्या. नियम आहे," व्याही म्हणाले, अजून हसतच.

"जिता आसा ता, सायबा."

"घाल रे बूट!" मी जरा जोरात बोललो. त्याने माझ्याकडे बघितलं, मोजे पायात राहू दिले आणि बूट हातात घेतले.

व्याही चेंडू मारायला पुढे गेले. हा काखेत छत्री मारून शीव बघायला निघाला आणि थोड्या वेळाने मला हात करून बोलावलं. हिरवळीच्या कडेला एक जुना वड होता. त्याच्या मुळांत गुडघ्याएवढा दगड, शेंदूर लावलेला. शेंदूर ताजा होता. क्लब होण्याआधी इथे पाडा असणार, आणि गवत कापायला येणारं कोणीतरी अजून त्याला विसरलेलं नसणार.

"बघ," तो कुजबुजला. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू गावचं माणूस भेटलं. "राखणदार. काढ नारळ."

मी आजूबाजूला बघितलं. व्याही लांब होते. मी पिशवीतून नारळ काढला, टॉवेल सोडला आणि त्याच्या हातात दिला. माझ्या हाताने दिला. त्याने तो दगडापुढे ठेवला, मोजेही काढले, टी-शर्ट नीट केला आणि हात जोडले. मी त्याच्या मागे उभा राहिलो, व्हय म्हणायला.

मला वाटलं होतं तो हळू बोलेल. त्याला हळू येत नसे.

"बा देवा महाराजा! आज ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेच्या पायाकडे ह्यो नारळ ठेवून गाराणा घालतंय. आमी हय पावणे म्हणून इलंव, काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. आमचा एक चेडू ह्या सायबाच्या घरात जाताहा. तेचा बरा कर, दोनय घरांचो मान राख, आणि वाटेत कोण आडवो इलो, तर तेका सरळ कर रे महाराजा!"

आणि थांबला.

त्याच क्षणी मला मागून गाडीचा आवाज आला. व्याही परत येत होते, आणि त्यांच्या शेजारी क्लबच्या कमिटीतले एक वयस्क गृहस्थ. बाजूच्या हिरवळीवरचे चार खेळाडूही काठ्या टेकून आमच्याकडे बघत होते. एकजण हसत होता.

माझ्या तोंडात 'व्हय' आलेलं होतं. दातांपर्यंत आलं होतं.

त्याने मागे न बघता पुन्हा म्हटलं, "सरळ कर रे महाराजा!" आणि वाट बघितली. वजनकाट्यापुढे बघितली होती तशी.

मी दोन पावलं मागे सरकलो.

"ये क्या चल रहा है यहाँ?" कमिटीवाल्यांनी विचारलं. "किसके गेस्ट हैं ये? दिस इज अ गोल्फ कोर्स."

व्याह्यांचा चेहरा लाल झाला होता. ते माझ्याकडे वळले, खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही यांना काही सांगितलं नव्हतंत का?"

आणि मी म्हणालो, "निघतानाच बजावलं होतं हो मी. ऐकतच नाही तो. ऑफिसातही हेच चालायचं त्याचं. नारळ कुठून आणला देव जाणे."

टॉवेल माझ्या हातात होता.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मग टॉवेलाकडे. मग व्याह्यांकडे. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याला बोलायला कधी कोणाची भीती वाटली नव्हती. तो खाली वाकला, नारळ उचलला आणि म्हणाला,

"व्हय सायबा. माजीच खोड ती."

त्याच्या गाऱ्हाण्याला मी व्हय म्हटलं नाही. माझ्या खोट्याला त्याने म्हटलं.

कमिटीवाले व्याह्यांशी इंग्रजीत काही बोलले. ठरलं असं की आम्ही जेवायला थांबावं, पण त्या पाहुण्याने बाहेर गेटापाशी थांबलेलं बरं. कोणी त्याच्याशी वाईट बोललं नाही. गाडीत बसवून नेलं. त्याने बूट मांडीवर धरले होते, बुटांच्या मधे नारळ.

मी जेवलो. हे मी बागेत कधी सांगत नाही. आत थंडगार हॉल होता, मोठी काच आणि काचेतून हिरवळ. पापलेट होतं. व्याही सुरुवातीला ताटातच बघत होते, मग मीच सुरू केलं. कॉम्प्युटरचा किस्सा सांगितला, वजनकाट्याचा सांगितला, त्याची नक्कल केली. व्याही हसले. शेजारच्या टेबलावरचेही हसले. ते स्थळ मी त्या जेवणावर पक्कं केलं. लोकांना हसवता येतं, हे मला तिथे कळलं आणि त्यानंतर मी थांबलोच नाही.

आम्ही बाहेर आलो, तेव्हा तो गेटापलीकडे एका झाडाखाली उभा होता. बसला नव्हता. पहारेकऱ्याने खुर्ची दिली होती, तिच्यावर छत्री ठेवलेली. व्याह्यांनी त्याला हात जोडले, "सॉरी हं, नियम असतात." तो म्हणाला, "तुमची काय चूक नाय." मुलुंडला त्यांनी आम्हाला सोडलं. गाडी गेल्यावर त्याने नारळ माझ्यापुढे धरला.

"ह्यो तुझो. फोडूक नाय. गाराणा पुरा झाला नाय."

"ठेव तू," मी म्हणालो.

"माझो नाय तो, मी कसो ठेवू? परत जावक होया, गाववाल्या. अर्ध्यावर सोडूचा नसता. चेडवाचा आसा."

"जाऊ की," मी म्हणालो.

त्याने नाहूरची रिक्षा केली. मी घराकडे दुसरी. उतरताना नारळ मागच्या सीटवर राहिला. विसरला, असं मी त्याला नंतर सांगितलं. विसरलो नव्हतो. घरी नेला असता, तर बायकोने विचारलं असतं.

त्यानंतर तो भेटला की विचारायचा, "कधी जावया?" मी म्हणायचो, बघू, पुढच्या महिन्यात. लग्न झालं. रिसेप्शन व्याह्यांनी त्याच क्लबच्या लॉनवर ठेवलं. त्याला मी बोलावलं नाही. माणसं मोजकी आहेत, त्यांच्याकडचीच यादी मोठी आहे, असं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरा, बरा." मग विचारलं, "राखणदाराक इचारलास मां?"

"व्हय," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला, तोही असा.

बागेत तोही अधूनमधून यायचा. एकदा तो बसलेला असतानासुद्धा मंडळींनी माझ्याकडून ती हकीकत वदवून घेतली. मी सांगत होतो आणि तो ऐकत होता, सगळ्यांबरोबर हसत होता. मी "नारळ कुठून आणला देव जाणे" या वाक्यावर आलो आणि माझी नजर त्याच्यावर गेली. तो छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढत होता. कोणीतरी त्याला कोपराने ढोसलं, "काय रे, खरंच ना हे?"

"खरा तर," तो म्हणाला. "गाववालो काय खोटा सांगतलो?"

सगळे पुन्हा हसले. त्यानंतर तो बागेत आला नाही. पाय दुखतात म्हणाला.

मुलगी सुखात आहे. तिला एक मुलगा आहे. गाऱ्हाणं अर्धं राहिलं म्हणून काही वाईट झालं, असं काहीच नाही. झालं असतं, तर कदाचित मी बोललो असतो. सगळं नीट चाललेलं असताना कोणापुढे जाऊन काय सांगायचं?

मागच्या वर्षी वहिनीचा फोन आला. त्याला अर्धांगाचा झटका आला होता, डावी बाजू गेली होती. मी नाहूरला निघालो. वाटेत नारळ घेतला. मनात वाक्य तयार होतं. ते मी मालवणीत तयार केलं होतं, कारण मराठीत ते नीट बसत नव्हतं. रिक्षात पुटपुटत गेलो, रिक्षावाला आरशातून बघत होता.

तो खिडकीशी कॉटवर पडला होता. खूप वाळला होता. उजवा हात मात्र एकसारखा चालला होता. बोटाने तो चादरीच्या काठावरून जायचा, हात पोचेल तिथपर्यंत, आणि तसाच परत यायचा. मी बराच वेळ बघत राहिलो, तेव्हा कळलं. शीव बघत होता.

"चेडू बरा आसा मां?" शब्द जड येत होते, पण कळत होते.

"बरी आहे. मजेत."

"पोरगो?"

"शाळेत जातो."

वहिनी चहा करायला आत गेली. पिशवी माझ्या मांडीवर होती, त्यात नारळ. त्याचं बोट थांबलं. तो माझ्याकडे बघत होता, मग पिशवीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"काय तरी बोलूचा आसा तुका," तो म्हणाला.

मी म्हणालो, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं रे हल्ली?"

त्याचं बोट पुन्हा चादरीच्या काठावरून चालायला लागलं. उत्तर वहिनीनेच आतून दिलं. मी चहा घेतला, मुंबईच्या पाण्याबद्दल बोललो, रस्त्याच्या खोदकामाबद्दल बोललो. नारळ पिशवीतच ठेवून निघालो. दारात चपला घालताना मागून त्याचा आवाज आला, "येतलस मां परत?" मी म्हणालो, "येतो की."

गणपतीच्या आधी तो गेला.

ते वाक्य अजून तसंच आहे. रिक्षात पाठ केलेलं, एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही:

गाववाल्या, नारळ माझो होतो. तुका थंय घेवन मीच गेलंय. तू इचारलंस आणि मी व्हय म्हणूक नाय. माका माफ कर रे.